तिसरा पाईप

ग्दान्स्कमध्ये, समुद्रापासून तीन थांब्यांवर,
लाटेसारखी वळणं घेत गेलेली एक लांबलचक इमारत आहे.
तिच्या सहाव्या मजल्यावर बोगुमिल, पाचव्यावर इर्मिनाबाई.
तिथे बाईंना 'पानी' म्हणतात.
तो जिन्यातून हाक मारतो, पानी इर्मिनो!
आणि गेल्या मार्चपासून
त्या हाकेनं बाईंच्या पोटात गोळा येतो.

मार्चमध्ये एक गोगलगाय
एकुलत्या एका पाईपच्या तोंडाशी जाऊन बसली.
खालचा पंप इमानेइतबारे पाणी वर चढवत राहिला.
त्याला कोण सांगणार?
पहाटेपर्यंत साठ लिटर
विनातिकीट पाचव्या मजल्यावर उतरलं.
इर्मिनाबाई तीस वर्षं ट्रामवर तिकीटतपासनीस होत्या.
छतावरच्या डागाशेजारी त्यांनी
स्टुलावर चढून पेन्सिलीनं तारीख घातली.

आता बोगुमिलनं नवी टाकी आडवी निजवली आहे.
गोदीत त्यानं जहाजांच्या पोटातले पाईप जोडले,
पण लोखंड चुकलं तरी वेल्डिंगला ऐकतं,
काच ऐकत नाही.
भोकाच्या जागेभोवती पुटीचं आळं, आळ्यात पाणी,
हिऱ्याच्या दातांचं गोल पातं,
आणि जोर अजिबात नाही.
पांढरं दूध सुटतं. मग टक् करून
काचेची एक चकती हातात येते, थंड, नाण्याएवढी जाड.
अशा तीन.

रबरी वायसर ओल्या बाजूला.
हातानं घट्ट, वर पाव फेरा, बस्स.
जास्त पिळलं की तडकतं.
श्चेचिनला निघून गेलेली त्याची बायकोही
असंच काहीतरी म्हणाली होती.

पहिला पाईप काठोकाठ भरून वाहणार, हवेचा बुडबुडाही नको.
दुसऱ्यातून नुसती धार.
तिसरा सगळ्यात उंच, कोरडा.
'आणि हा कशाला?' सपाता घालून वर आलेल्या बाईंनी विचारलं.
'हा कधीच चालायचा नाही.'
'मग पैसे का घातलेस?'
त्यानं बोट जमिनीकडे केलं.

'बुजव तो पहिला,' बाई म्हणाल्या. मग, 'नको. मीच बुजवते.'
बाही कोपरापर्यंत सारून हात घातला,
तर तळहात ओढला गेला,
जसं वासरू बोट धरतं.
पाणी चढलं. दुसरा पाईप जागा झाला, बडबडू लागला.
बाईंनी दुसरा हात घातला.
आता दोन्ही हात आत, चष्मा नाकावरून घसरलेला,
पुसायला कोणी नाही,
आणि पाणी काठाकडे येतंय,
चार बोटं,
तीन,
तेव्हा तिसऱ्यानं खाकरून घसा साफ केला
आणि सगळं एका घोटात गिळलं.
केवढा आवाज! वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.
काठाखाली दोन बोटांवर पाणी थांबलं.
'अजून एकदा,' बाई म्हणाल्या.

मग वीज बंद करून पाहिली.
वरचं पाणी खालच्या टाकीत उतरत गेलं
आणि पेन्सिलीच्या रेघेपाशी येऊन थांबलं.
रेघ बाईंनीच ओढली होती.
मग तो व्हॉल्व्हपाशी गुडघ्यांवर बसला,
केसाएवढं फिरवत, कान लावत,
शेवटची गुडगुड गेली तोवर अंधारलं.
घरी जाताना बाईंनी एक चकती खिशात टाकली.
चहाच्या कपाखाली ठेवायला, म्हणाल्या.

अकरा वर्षं त्या गुडगुडीविरुद्ध
त्यांनी सोसायटीला चार अर्ज दिले होते.
आज काहीच नाही.
कूस बदलली. डागाकडे पाहिलं.
शांत चाललंय, की शांतपणे काही भरत चाललंय?
अडीच वाजता त्या उठल्या
आणि चमच्यानं रेडिएटरचा पाईप वाजवला, दोनदा.

वर अनवाणी पावलं.
कपाटाचं दार करकरलं.
कोणीतरी व्हॉल्व्ह किंचित सैल केला,
हवा आत शिरली,
आणि छतातून आली ती जुनी, ओबडधोबड गुडगुड,
चांगली दहा सेकंदं.
मग पुन्हा बंद.

चमचा त्यांनी स्वयंपाकघरात परत नेला नाही.
उशाशीच ठेवला.