सात किलो

नॉर्थॅम्प्टनमध्ये बुटांच्या एका बंद कारखान्याचे
आता फ्लॅट झालेत. त्यातल्या तिसऱ्या मजल्यावर
मी वर्षभराची बॅग भरतेय.
फळ्यांच्या फटींत अजून जुने बारीक खिळे आहेत,
झाडू मारला की एखादा निघतोच.

सात किलो. त्याच्यावर विमानवाले पैसे घेतात.
सुती टीशर्ट तीन, शिवाय एक अंगावर.
पँट दोन. त्यातली एक भिजली तरी लगेच वाळते,
कारण ती मुळात प्लास्टिकच.
पिसांचं जॅकेट नको, स्वेटर नको,
म्हणून बाटल्या वितळवून केलेला फ्लीस,
जो धुतला की थोडा थोडा समुद्रात जातो.
हे मला माहीत आहे. कुणी सांगू नका.

लेबलं वाचायची सवय इतकी जडलीय
की परवा बसमध्ये पुढच्या माणसाची कॉलर उलटी होती
तर तीही वाचली. लोकर, ऐंशी टक्के.

खालच्या मजल्यावरच्या बेरिलने मोजे आणून दिले.
राखाडी, हाताने विणलेले, टाचेला दुहेरी धागा.
"तिकडे थंडी असेल," म्हणाली.
तिकडे म्हणजे कुठे, ते विचारलं नाही.
मी घेतले. बॅगेत घातले, काढले,
परत घातले. एकशे दहा ग्रॅम.

बूट एकच जोड. मायक्रोफायबरचा, तपकिरी,
लांबून अगदी चामड्यासारखा.
बेरिलने तो उचलला. बेचाळीस वर्षं ती याच इमारतीत
बुटांचे वरचे भाग शिवायची.
अंगठ्याने टाच दाबली, तळ वाकवला, नाकाशी नेला.
"वासच नाही," म्हणाली,
आमटीत मीठ नाही म्हणावं तशी.
"टाका बरा आहे. तळ मार्चपर्यंत उसवेल."

माझे वडीलही जोडा हातात आला की आधी वास घेतात.
मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, सोडलं म्हणून.
दूध, तूप, मध. आणि मग जरा थांबून, चामडं.
पलीकडे हातोडी वाजत होती. ती थांबली नाही.
"बरं," म्हणाले. "आणि शिक्षण?
ते पण चामड्याचंच होतं. कमावलेलं."
रागाने नाही. गिऱ्हाइकाला भाव सांगतात त्या सुरात.

आज्याच्या काळी त्याने केलेल्या चपला
देवळाबाहेर थांबायच्या, आणि आजाही.
ज्यांच्या घरात कधी रापी नव्हती
त्यांना अहिंसा हा शब्द किती सहज येतो.
माझी जीभ अडखळते.
मी नुसतंच म्हणते, खात नाही, घालत नाही.

उपकार फार झाले की आपल्यात म्हणतात,
कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटायचे नाहीत.
कुणाच्या कातड्याचे, ते सांगावं लागत नाही.
रात्री दीड वाजता बॅगेच्या चेनशी झगडताना
हे आठवलं आणि एकटीच हसले.
मला चालेल असं चामडं एवढं एकच.

कपाटाच्या तळाशी त्यांनी पाठवलेली जोडी आहे,
सांगलीच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
माप न घेता केलेली, आणि बरोबर माझ्या मापाची.
बारीक वेणी, अंगठ्याला लाल गोंडा.
काट्यावर ठेवली: सहाशे चाळीस.
घातली नाही कधी. टाकलीही नाही.

सकाळी ती बेरिलकडे नेली.
तिने वेणीवरून नख फिरवलं, मग परत फिरवलं,
कितीतरी वेळ काही बोललीच नाही.
"महिन्यातून एकदा तेल लावीन," म्हणाली. "नाहीतर तडकते."
कोणतं तेल ते मी सांगितलं.
मलाच नवल वाटलं, मला ते ठाऊक होतं.

टॅक्सी यायला वीस मिनिटं.
मोज्यांसकट सात किलो नव्वद.
एक टीशर्ट बाहेर काढला.