सैल बांध

चौदातली एक फुटली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते,
आणि पोलीस पाटील हटवार टॉर्च घेऊन
माझ्या दारात: डुक्कर मारलं का गा कोनी?

मी म्हणालो, बीअर.
कणीची. मिलमध्ये चाळणीखाली पडते ती तांदळाची कणी
आणि ओल्या पोत्यात मोड आणलेली ज्वारी.
ते आत आले. भिंतीवरून पिवळं काही ओघळत होतं
कॅलेंडरातल्या देवाच्या पायांपर्यंत,
आणि मच्छरदाणी फाडून काचा गादीत,
जिथे एरवी तुकेश झोपतो.
तुकेश त्या रात्री आजोळी होता.
हे वाक्य मी तेव्हापासून रोज एकदा म्हणतो.

साधी बीअर मला जमत होती.
सांगून ठेवतो, कारण कोणी विचारत नाही.
किंचित आंबट, पेजेच्या रंगाची.
मिलवरचे दोघे-तिघे पीत,
मिशीवरचा फेस पुसत आणि म्हणत, बरी आहे.
बरी आहे.
या दोन शब्दांनी माझं डोकं फिरवलं.

भिवापुरी मिरची टाकली. आधी चार,
मग रंग येईना म्हणून एकोणीस.
जिभेला काहीच कळलं नाही. घशाला कळलं,
आणि सकाळी ज्याला कळायचं त्याला.
संत्र्याची साल टाकली, घाईत, आतल्या पांढऱ्यासकट.
प्रभू कापगते अजून मला पाहून थुंकतो, प्रेमाने.
चारोळीने फेसच मेला.
ग्लासात डबकं, वर तेलाचे डोळे.
सत्यफुला मावशी हसली, तेलाचा दाना हाय थो,
तेलापुढं फेस टिकते का कधी?

तिने चाळीस वर्षं मोह गाळला होता.
मडक्याला कान लावून सांगायची: आज नाही, उद्या.
तिच्या मोहात फक्त मोह.
एकदा विचारलं, कधी काही टाकावंसं नाही वाटलं?
ती बराच वेळ चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली.
मग: माह्या दिरानं टाकलं होतं. धोतऱ्याचं बी.
जोर यावा म्हनून.
लग्नघर होतं.

पुढचं तिने सांगितलं नाही.
मला मडक्याचं तोंड बांधायला लावलं, फडक्याने.
सैल बांध, म्हणाली, त्याले सास घेऊ दे.

मी ऐकलं, आणि घरी येऊन
बाटल्यांना पत्र्याची बुचं ठोकली.

टेंभरांचे दिवस होते. पिकलेली, मधासारखी,
पोरं जंगलातून सदऱ्याच्या ओच्यात आणत.
मी ती कुस्करून टाकली, सालीसकट,
सालीवर जे काही जगत असेल त्याच्यासकट.
दोन दिवसांत बुडबुडे थांबले, मला वाटलं निवलं.
जिभेला गोडी लागत होती,
म्हणजे ती अजून शिल्लक होती,
म्हणजे आतलं काम संपलं नव्हतं.
आता लिहिताना किती सोपं आहे हे.
चौदा बाटल्या तुकेशच्या उशाशी, भिंतीलगत ठेवल्या,
तिथे गार असतं म्हणून.

तेरा अजून उभ्या होत्या.
पाटील, मी, आणि आवाजाने उठून आलेली मावशी.
तिने गोधडी भिजवून त्यांच्यावर टाकली,
तापलेल्या लेकरावर टाकावी तशी,
आणि अंगणात नेऊन, तोंड वळवून,
एकेक उघडायला लावली.
बुचं कौलांवर जाऊन वाजत होती.
आणि फेस! काय फेस होता तो,
चांदण्यात, तुळशीच्या ओट्यापर्यंत,
मला आयुष्यात आला नव्हता असा.
पाटलांनी बोट बुडवून चाखलं,
जरा थांबले, म्हणाले, बरी आहे.

सकाळी कोंबड्यांनी त्यातली टेंभरं टिपली
आणि दुपारपर्यंत तिरप्या चालल्या.

आता बाटलीत मी काही घालत नाही.
गादीतून मात्र काचा अजून निघतात.
परवा एक निघाली, नखाएवढी.
तुकेश ती उन्हात धरून, एक डोळा मिटून पाहत होता.
मी काही न बोलता
तळहात पुढे केला.