मेण खाली येईपर्यंत

वादळाच्या आधी आठ वर्षं
दर गुरुवारी
दोन्या एदुविहेस अंगणात एक खोकं मांडायची.
खोक्यात खोकं,
मधल्या फटीत चुरगाळलेली वर्तमानपत्रं,
झाकणाला आतून चॉकलेटची चांदी
(किती चॉकलेटं खाल्ली असतील या बाईनं!),
काळं फासलेलं पातेलं, वर काच.
दर अर्ध्या तासाला उठून
ती खोक्याचं तोंड उन्हाकडे फिरवायची,
अंथरुणातल्या आजाऱ्याला कूस बदलून द्यावी तसं.

मी कुंपणापलीकडून हसायचो.
माझ्याकडे गॅस होता, जनरेटर होता,
आणि त्याचं पेट्रोल खाली हयुया गावात,
अकरा मिनिटांवर.

"दोन्या, भात आज की उद्या?"
"होईल तेव्हा होईल.
करपणार मात्र नाही."

मग वहीत लिहायची:
गुरुवार. ढग. साडेचार तास. तूर कच्ची.
गुरुवार. ऊन. अडीच तास. रताळी गोड.
तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं तिनं.
मला एकदा नापास केलं होतं.

सप्टेंबरात ते आलं.
त्या रात्रीबद्दल मी बोलत नाही.
सकाळी डोंगराला एक पान नव्हतं.
समोरच्या उतारावर घरं दिसली,
कॉफीच्या झाडांआड इतकी वर्षं लपलेली,
कुणाची न्हाणीघरं, कुणाचे पलंग,
आणि न विचारता आत डोकावल्यासारखं
मला ओशाळं वाटलं.

पूल गेला. त्याबरोबर ती अकरा मिनिटं.
जनरेटर चार दिवस गुरगुरला, मग मुका.
शेगडीची कळ फिरवली तर
फुस्सही नाही.

तिच्या खोक्याचा लगदा झाला होता.
"खोकी काय, मिळतात," ती म्हणाली,
आणि गादीखालून काढली काच,
मेलेल्या नवऱ्याच्या कोटात गुंडाळलेली.
खोकं मी दिलं:
माझ्या जनरेटरचंच,
वॉरंटीसाठी जपून ठेवलेलं.
चांदी माझ्या उडालेल्या छताखालची.

खोटं कशाला सांगू,
पहिले दोन दिवस काहीच शिजलं नाही.
आभाळ घोंगडीसारखं अंगावर.
आम्ही डब्यातले गार मासे खाल्ले
आणि तिच्याकडे बघणं टाळलं.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं.
मी नीरफणस चिरून आणला, वादळानंच पाडलेला.
"आधी पाणी," ती म्हणाली.
ओढ्याचं पाणी. वरच्या अंगाला
कुणाची तरी गाय मरून पडली होती.
नेरेइदाची पोर सात आठवड्यांची,
दुधाची पावडर होती, कालवायला काही नव्हतं.

पातेल्यात तिनं काचेची एक नळी सोडली,
दोन्ही टोकं बंद, वरच्या टोकाला मेण,
तुरीच्या दाण्याएवढं.
"हे वितळून खाली आलं की प्यायचं.
त्याआधी कुणी हात लावायचा नाही."

आम्ही पाचजण
तुरीच्या दाण्याएवढ्या मेणाकडे बघत बसलो.
मिसा चालू असताना इतका गप्प
मी कधी बसलो नव्हतो.
सावली सरकली की मी उठायचो,
कूस बदलून द्यायचो.
पोर रडली, दमली, झोपली, पुन्हा रडली.
काचेवर आतून वाफ धरली, नळी दिसेना.
नेरेइदानं झाकणाला हात घातला,
दोन्यानं तिचा हात धरला,
धरूनच ठेवला.

मेण कधी खाली आलं
ते कुणीच पाहिलं नाही.
वाफ ओघळली, तेव्हा ते तळाशी होतं.

वहीत: शनिवार. ऊन. दोन तास दहा मिनिटं. पाणी.

पोर पीत असताना दोन्या माझ्याकडे वळली.
"पासष्ट अंशांना वितळतं हे मेण.
शंभर का नको, सांग."
मी म्हणालो, "जंतू मरायला उकळी लागत नाही.
वेळ लागतो."
"किती?"
मला आठवेना.

"अर्धे गुण," ती म्हणाली,
आणि काच पुसायला
माझ्या हातात दिली.