इसबगोलाची चुलत बहीण

रोज रात्री मेलबा एत्चेबेरी
नारिंगी पूड पाण्यात ढवळते, पोटासाठी.
मी म्हणाले, अगं, हे तर आमचं इसबगोल.
तिला शब्द म्हणता येईना. हसली.
मग मी खिडकीतून कुरण दाखवलं:
याची चुलत बहीण आहे तिथे, लांब पानांची,
तुझ्या आजेसासऱ्याच्या गुरांमागून नेवाड्यात आलेली,
खुरांना चिकटून, नाहीतर चाऱ्यातून,
कुणी नोंद ठेवली नाही.

त्याआधी इथली चौकडीची फुलपाखरं
हरभऱ्याच्या डाळीएवढ्या निळ्या फुलाच्या रोपावर अंडी घालत.
रोप गुणी, पण घाईचं.
सुरवंटांचं पोट भरायच्या आत वाळून जायचं.
लांब पान मात्र उन्हाळाभर हिरवं.

माझं काम सोपं होतं.
फुलपाखरू चिमटीत धरायचं, पानावर टेकवायचं.
ती पायांनी चव घेते.
पोट वाकवून तीन सेकंद दाबलं की हो.
वहीत खूण.
पहिल्या उन्हाळ्यात निम्म्या जणी हो म्हणाल्या.
अठराव्या उन्हाळ्यात
नाही म्हणणारी शोधून सापडेना.

आपण म्हणतो, अंगवळणी पडलं.
तसं नव्हतं ते.
कुणी कुणाला शिकवलं नाही, कुणी मन वळवलं नाही.
जुन्या रोपाकडे जाणाऱ्यांची पोरं उपाशी मेली,
वर्षामागून वर्षं, थोडीथोडी,
एवढंच झालं.
मी त्यांच्या लेकी प्रयोगशाळेत
निळ्या फुलाच्या रोपावरच वाढवल्या,
लांब पान डोळ्यांना पडू दिलं नाही.
पंख वाळले तशा त्या
सरळ त्याच पानावर गेल्या.
त्या रात्री मी आनंदाने दोन वेळा जेवले.

मग रमोन गेला
आणि मेलबाने गुरं विकली.
साठ गाई, एका सकाळी, तीन ट्रक.

गवत आधी गुडघ्याला लागलं, मग कमरेला.
खाली लांब पान होतं, पण सावलीत, गार.
त्यांनी तिथेच अंडी घातली.
चाळीस पावलांवर, सेजच्या झुडपांपाशी,
निळं फूल उन्हात उभं होतं.
मी वाकून पाहिलं, एकही अंडं नाही.
हट्ट म्हणू नये याला.
त्यांच्या पायांत त्या रोपाची ओळखच उरली नव्हती.
चौथ्या वर्षी माझी वही कोरी राहिली,
तारीख, तापमान, वारा, आणि खाली काही नाही.

"गुरं मी विकली," मेलबा म्हणाली.
मला सांगायचं होतं की दोष तुझा नाही,
पण तेही पुरतं खरं नव्हतं,
म्हणून मी साखर मागितली.

यंदा मे महिन्यात डोंगरापलीकडून दोघी आल्या.
तिकडे कुरणं नाहीत, गुरं कधी नव्हती.
लांब पानावर टेकवलं, पाय आखडून घेतले.
निळ्या फुलाच्या रोपावर टेकवलं:
एक.
दोन.
मी तिसरा आकडा मोठ्याने म्हणाले बहुतेक,
कारण मेलबा कुंपणाशी येऊन उभी राहिली.
"परत आली ना माझी फुलपाखरं?"

या वेगळ्या आहेत, मी म्हणाले.
दिसतात तशीच.

त्या रात्री तिने अर्धाच ग्लास प्यायला
आणि उरलेला लगेच विसळून टाकला.
ठेवून दिलं की ते घट्ट होतं,
मग काचेला सोडत नाही.