विहिरीतली वाम

मी मोटारी काढतो. प्रकाशा ते सारंगखेडा,
तापीच्या दोन्ही काठांच्या विहिरी मला ओळखतात.
कुणाचं वाइंडिंग जळतं, कुणाची केबल उंदीर खातो,
कुणाच्या तळाशी सुनेची नथ पडलीय
आणि ते सासूला माहीत नाही,
एवढं सगळं पोटात ठेवून वर येतो.

वैशाखात दगाजी पाटलांच्या जुन्या विहिरीत उतरलो
तेव्हा पाणी कमरेएवढं होतं
आणि खालच्या कपारीतून काहीतरी जाडजूड
माझ्या पोटरीला घासून गेलं
संथ.
साप नव्हे. सापाला घाई असते.

सुपडू भोईला बोलावलं.
नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आला,
थारोळ्यावर पालथा पडला, टॉर्च सोडली,
आणि इतका वेळ गप्प राहिला
की मला वाटलं, झोपला.

"वाम शे भो. समिंदरनी."

मी हसलो.
आमच्याकडे समुद्र म्हणजे
शाळेच्या नकाशातला निळा पट्टा,
बाजारात सुकटीच्या टोपलीशी रुमाल लावून थांबणारी माणसं,
डाळीत चिमूटभर.
सुपडूनंही तो कधी पाहिला नाही.
पण सांगत होता, जसं कुणी सोयरिकीचं सांगावं:
पिल्लू येतं काचेच्या दोऱ्याएवढं, आरपार,
भरतीच्या पाठीवर बसून खाडीत,
मग धारेच्या उलट, रात्री रात्री,
ओल्या दगडावरून, बांधावरच्या गवतातून,
पूर विहिरीत शिरला की त्याच्यासोबत.

"धरन बांधाना पहिले उनी व्हई.
तेन्हामांगे एक बी उनी नही."

तेव्हा माझा बाप बिनलग्नाचा होता.
मोट गेली, इंजिन आलं, इंजिन गेलं, मोटार आली,
पाटलांच्या तीन पिढ्यांनी तिच्या अंगावरचं पाणी प्यालं
आणि ती त्या कपारीत
बेडूक खात, वर्षं खात,
वाट बघत होती म्हणू का?
मला नाही माहीत. मी मोटारी काढतो.

"डोया देख," सुपडू म्हणाला. "मोठा व्हई ग्यात.
आते हिले घर जानं शे."

खरंच. पोट पितळेसारखं फिकं पडलेलं,
आणि डोळे एवढ्याशा डोक्याला न शोभणारे,
जणू पुढे फार काळोख आहे
हे तिला कुणी आधीच सांगून ठेवलं होतं.

कुणी रश्शाचा विषय काढला. दगाजी म्हणाले,
पाणी महिनाभराचंय. न्यायची तर न्या.

लोणच्याचा निळा पिंप, वर ओलं गोणपाट,
सुरतेला जाणारा पपईचा टेम्पो.
ड्रायव्हर युसूफ पिंजारी दर तासाला थांबून
पिंपावर कान ठेवायचा. "आहे," म्हणायचा.
उकाईची भिंत आली तेव्हा
मी उगीचच पिंपावर हात ठेवला.
आत तिनं एक वळसा घेतला.
रस्त्याला वळण होतं, तेवढंच असेल.

शेवटच्या बंधाऱ्याच्या खाली, चिखलात गुडघाभर,
पिंप आडवा केला.
ती निघाली नाही.
दोन मिनिटं, तीन. युसूफ म्हणाला, मेली.
मग पाणी चढायला लागलं, उलटं, खालून वर;
नदी असं करते हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.
ते तिच्या तोंडाला लागलं
आणि पिंप रिकामा.

मी बोट बुडवून चाटलं. खारट.

सुपडूसाठी बाटली भरून आणली.
त्यानं टोपणात ओतून घेतलं, जिभेवर धरलं,
भोयांच्या किती पिढ्यांचं जाळं
ज्या पाण्याच्या शेपटाशी अडकलेलं
त्याचं तोंड पहिल्यांदा चाखलं,
आणि म्हणाला,
"डायमा चाली जाई."

आषाढात दगाजींची मोटार परत सोडायला गेलो.
पाणी छातीपर्यंत आलेलं.
कपारीत हात घातला, सवयीनं नाही, मुद्दाम.
दगड गुळगुळीत होता,
एका अंगाच्या मापाचा.