बिंडा

पहिल्या दिवशी घायपाताच्या अकरा काड्या
सुतळीनं आवळून पाठीवर.
"पाय हाण," इलाहीमामू म्हणाला, "बाकीचं बिंडा बघतोय."
ओवी नारळासारखी तरंगली,
रडली, तेही पाणी विहिरीतच गेलं.

मी काठावर, टॉवेल घेऊन.
डिग्रजात आमच्या वेळी पोरींना
विहीर फक्त शेंदायला होती.

रोज तो एक काडी काढतो, न सांगता.
तोंडानं दम घे. दमलीस तर उताणी हो,
हात पसर, आभाळ बघ.
कुणी बुडताना दिसलं तर उडी मारायची नाही.
ओरडायचं. दोर टाकायचा, दोर नसेल तर ओढणी.
हे त्यानं पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलं.
तिसऱ्यांदा त्याचाच आवाज बसला.

आज तिनं विचारलं, "मामू, किती उरल्यात?"
"चार."
मी मोजल्या होत्या. दोनच होत्या.

घरी आल्यावर ओल्या केसांनी
ती भिंतीला टेकून उभी राहिली,
एकोणीसच्या पुराची खूण आहे तिथं.
टाचा उंचावल्या.
अजून वीतभर.

उद्या मामूला विचारायचंय,
माझ्या मापाचा बिंडा
बांधून देशील का.