खाटा दोन

नवी पेठेत, जिना चढून पहिल्या मजल्यावर,
हत्तुरेंच्या पोरानं जहाज उभं कापून दाखवलं,
कागदावर, कलिंगडासारखं.
पोटात खोल्या, खोल्यांवर आकडे,
आणि पंख्यानं उडू नये म्हणून
समुद्रावर ठेवलेला पितळी नंदी.

"ही आतली. खिडकी नाही, भर दुपारी दिवा लावायचा.
ही गोल काचेची. काच उघडत नाही.
ही गॅलरीची मॅडम, समुद्र थेट पायाशी."
बाहेर चव्वेचाळीस अंश,
डांबर चपलेला चिकटून वर येत होतं.
गॅलरीचा आकडा वाचला
आणि पाणी मागितलं.

"आतली चौतीस हजार. मुंबईहून चार रात्री."
मी पर्स उघडली.
"माणशी. दोघं असतील तर."
"आणि एकटी असेल तर?"
त्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
एकोणसाठ हजार पाचशे.
म्हणजे जे माणूस येणारच नाही
त्याचं पाऊण भाडं.

चौतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला होते.
सुटा धागा, वाकडी किनार, तेलाचा डाग:
बाजूला.
जहाजांचेही यायचे, पांढरे, कोपऱ्यात निळा नांगर.
खोलीमागे चार मोजून दोरी बांधायची.
तीन कधी बांधल्याचं आठवत नाही.
तेव्हाच कळायला हवं होतं.

घरात आम्ही तेलुगू बोलतो, हिशेब मराठीत करतो.
भावाचा हिशेब सोपा.
एकटीला जागा लागते किती?
म्हणून माळा.
एकटीला दूध लागते किती, पंखा कशाला,
आणि वहिनीचे जुने डबे, पोरांची वह्या-पुस्तकं,
मोडका पाळणा, सगळं वर माझ्याकडे,
"तुझ्याकडे काय, मोकळंच असतं."
मी घडी होत गेले,
अर्धी, मग पाव,
मग फळीवर मावेन एवढी.

आणि एक अनोळखी जहाज म्हणतं,
बाई, तुम्ही पावणेदोन माणसांची जागा अडवता.

राग यायला हवा होता.
खरं सांगते, बरं वाटलं.

"जोडीला बाई बघू का? लातूरच्या एक मुख्याध्यापिका
विचारून गेल्यात. पंचवीस हजार वाचतील."
वाचतील. मी त्या मुख्याध्यापिकांचं घोरणं,
त्यांची सुकत घातलेली पातळं, त्यांचे प्रश्न
मनात मांडून पाहिले.
नको म्हटलं.

"मग गोल काचेची एक आहे, अगदी तळाला,
कोणी घेत नाही म्हणून कमी केलीय.
पण आधीच सांगतो, खाली इंजिन.
रात्रभर जमीन थरथरते. लोक येऊन भांडतात."
मी हसले. त्याला कळेना.
अरे पोरा, अशोक चौकाच्या मागे राहते मी,
भिंतीपलीकडे सहा माग.
उशाशी तांब्यातलं पाणी रात्रभर शहारत असतं.
मला जाग येते ती वीज जाऊन
सगळं गप्प झालं की.

त्रेसष्ट हजार, कर वेगळा.
भिशीचे वीस, बाकी फंडातले.
पावतीवर त्यानं बारीक अक्षरात लिहिलं:
अनसूया राजमल्लू वडनाल.
प्रवासी एक. खाटा दोन.

पाचव्या दिवशीचं पाणी रात्री दोनला आलं.
पिंप, घागरी, कुकरसुद्धा भरला.
भरता भरता ठरवलं,
पहिल्या रात्री काचेकडच्या खाटेवर,
दुसऱ्या रात्री दाराकडच्या,
मग परत काचेकडे. पैसे दिलेत.
चारही टॉवेल वापरीन.
पुसण्याआधी किनार उलटून बघीन, ती सवय जाणार नाही.

भावाला अजून सांगितलेलं नाही.
पिंप काठोकाठ झालं.
मागांच्या धक्क्यानं पाण्यावर
बारीक गोल वळ्या उठत होत्या,
झाकण हातातच राहिलं.